राखीव जागा

बॉल रेषेला लागला की नाही यावरून पोरांची भांडणं लागली, की सर कोर्टवर जाऊन उकिडवे बसायचे. आमचं कोर्ट लाल मातीचं. बॉल पडला की मातीत खूण उठते. सर त्या खुणेभोवती बोटाने गोल काढायचे आणि म्हणायचे, "खूण बोलते. आपण गप्प बसायचं." उठताना गुडघ्यावर हात टेकून "आई गं" म्हणायचे, ते मात्र हळू, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

तुमच्याकडेही असा एखादा माणूस असेल, ज्याचा शब्द तुम्ही कधी उलटून पाहिला नाही. आमच्याकडे सर होते.

मी जुईनगरला राहते. मालक मार्केटात माथाडी होते. ते गेल्यावर मी नेरूळच्या या टेनिस कोर्टवर कँटीन चालवायला घेतलं. कँटीन म्हणजे पत्र्याची शेड, गॅसची शेगडी, चहा आणि पोहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही साताऱ्याकडच्या गावात. टेनिस म्हणजे काय हे मला सरांनीच सांगितलं.

"शून्याला लव्ह म्हणतात, मावशी. लव्ह म्हणजे प्रेम."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आमच्या मालकांना विचारलं असतं तर त्यांनीपण तेवढंच सांगितलं असतं."

सर इतके हसले की चहा शर्टावर सांडला. पुढे कित्येक दिवस हा विनोद ते पोरांना स्वतःचा म्हणून सांगत होते. म्हटलं, सांगू देत. विनोदच तो.

मोठमोठ्या गाड्यांतून पोरं यायची. एकदा एका बापाने सरांना बाजूला घेतलं आणि पोराला वरच्या बॅचमध्ये टाका म्हणाला. सर म्हणाले, "साहेब, वरच्या बॅचमध्ये मी कोणाला टाकत नाही. पोरं खेळून जातात." तो माणूस तणतणत गेला. मी सरांना त्या दिवशी पोह्यांवर जास्त खोबरं घातलं.

माझी नात तन्वी शाळा सुटली की माझ्याकडे यायची, कारण घरी तिचे आईबाप दोघंही कामाला. शेडमागच्या भिंतीवर कोणीतरी टाकून दिलेल्या रॅकेटने बॉल मारत बसायची. धप, धप, धप. माझं डोकं दुखायचं. एक दिवस सर चहाचा कप हातात घेऊन तिच्यामागे उभे राहिले आणि चहा गार होईपर्यंत हलले नाहीत.

"मावशी, ही पोरगी मला द्या."

"घेऊन जा. पण फी मागू नका."

"पोहे देताय ना? झालं तर मग."

त्यांनी तिला शिकवलं, ते खरं शिकवलं. हे मी नाकारणार नाही. उन्हात तिच्याबरोबर उभे राहायचे, ती रडली की पाठ फिरवून थांबायचे. पुढे ती राज्यात खेळायला लागली तेव्हा पासपोर्टसाठीसुद्धा तेच धावले. "देशाकडून खेळायचं तर आपल्या देशाचा पासपोर्ट पाहिजे. राहायला दुबईत असा नाहीतर इथल्या दिवाळे गावात, पासपोर्ट आपला पाहिजे," असं मला समजावून सांगितलं. चौकशीला पोलीस घरी आला. परदेशात कशाला जायचंय, म्हणाला. मी म्हटलं, देशासाठी. तो माझ्याकडे बघतच राहिला.

मग सर देशाच्या टीमच्या निवड समितीवर गेले. सोळा वर्षांखालच्या मुलींची टीम. तिघी खेळायला जाणार आणि त्यांच्याबरोबर एक मोठं माणूस जाणार. त्या माणसाला कोट मिळतो, खिशावर देशाचं नाव असलेला. सरांनी मला मोबाइलवर त्या कोटाचा फोटो दाखवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना तयार करून विमानतळावर सोडून आलेला माणूस तो. स्वतः कधी विमानात बसला नव्हता.

"मावशी, या कोटात माझं पोट दिसेल का?"

"दिसेल."

"मग उद्यापासून पोहे अर्धे."

दुसऱ्या दिवशी दोनदा मागून घेतले.

तन्वीचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वय उलटणार आणि ती त्या टीमसाठी चालणार नाही. म्हणून घरात दुसरा विषयच नव्हता. त्याच सुमारास दुबईला वाढलेली एक मुलगी सरांकडे यायला लागली. पासपोर्ट आपलाच, बोलायलाही गोड, मला आजी म्हणायची. तिची काही चूक नाही. तिची आणि तन्वीची मॅच माझ्या शेडसमोर झाली. तन्वी जिंकली. सरांनी त्या दिवशी टाळी वाजवली नाही. थकले असतील, मला वाटलं.

टीम निवडायच्या ट्रायलच्या आधी तन्वीचा घोटा मुरगळला. फार नाही. हळद लावली, पट्टी बांधली, पोरगी चालत होती. सर कँटीनमध्ये आले.

"मावशी, तिला ट्रायलला पाठवू नका."

"का ओ?"

"घोटा कायमचा जाईल. पोरगी हट्टी आहे, माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल."

"पण मग टीमचं?"

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिची जागा राखीव आहे. मी बसलोय ना तिथे."

राखीव. बसमध्ये लिहिलेलं असतं, महिलांसाठी राखीव. म्हणजे ती जागा आपली, दुसरं कोणी बसलं तर उठवायचं. मला तो शब्द एवढाच माहीत. मी तन्वीला घरी बसवलं. ती खूप भांडली. मी म्हटलं, सरांनी सांगितलंय, आणि मग ती गप्प झाली, कारण सरांनी सांगितलं म्हटल्यावर आमच्या घरात पुढे कोणी बोलत नसे.

टीम ठरल्याचं कळलं तेव्हा सरांनीच मला फोन केला. "तन्वी राखीव आहे, मावशी. सांगितलं होतं ना?" मी पेढे आणले. सोसायटीत वाटले, कोर्टवर वाटले, वॉचमनला दिले. तन्वी क्लासवरून आली तेव्हा खोका जवळजवळ रिकामा होता.

"आजी, हे कशाचे?"

"तुझे. टीममध्ये तुझी जागा राखीव झाली. सरांचा फोन आला."

तिने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. "राखीव म्हणजे रिझर्व्ह, आजी. म्हणजे एक्स्ट्रा. त्या तिघींतली कोणी पडली तर मला बोलावणार."

"मग तुझी जागा कोणाला?"

तिने दुबईच्या मुलीचं नाव घेतलं. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

मी तिथेच बसून राहिले. कोर्टवर पोरांशी सर खेळातलं सगळं इंग्रजीत बोलायचे. सर्व्हिस, रिटर्न, रँकिंग, माझ्याशी बोलतानाही हे शब्द इंग्रजीच. एवढा एकच शब्द त्यांनी माझ्यासाठी शोधून मराठीत आणला होता. रिझर्व्ह म्हणाले असते तर मी तन्वीला विचारलं असतं, आणि तन्वी त्याच पायाने ट्रायलला गेली असती.

इथून पुढे मी त्याला अहोजाहो लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा चहाला आला. मी चहा दिला. गिऱ्हाइकाला देतेच.

"सर, राखीव म्हणजे काय?"

"मावशी, ती ट्रायलला नव्हती ना. ट्रायल न देणाऱ्या मुलीला पहिल्या तिघींत घेता येत नाही, तसा नियमच आहे. मी भांडून तिला राखीव तरी ठेवली."

"जाऊ नको म्हणून कुणी सांगितलं?"

"घोट्याच्या काळजीने सांगितलं मी."

"आणि हा नियम तवा म्हाईत नव्हता तुमाला?"

तो बिनसाखरेचा चहा पितो. तरी चमचा फिरवत राहिला.

"त्या दुबईच्या मुलीचे वडील टीमचा खर्च उचलणारेत, मावशी," मग म्हणाला. "टीमबरोबर कोण जाणार, हे त्यांना विचारून ठरणार होतं. तुम्हाला नाही कळायचं."

मला कळलं. मी कप उचलला आणि आत गेले.

टीम गेली. राखीव मुलीने घरी थांबायचं आणि फोन चालू ठेवायचा, असा निरोप आला होता. तन्वी फोन उशाशी घेऊन झोपायची. कोणी पडलं नाही, फोन आला नाही. तिकडच्या मॅच मोबाइलवर दिसायच्या. मी म्हटलं, नको बघू. ती बघायची. कोर्टाच्या कडेला खुर्चीवर तो बसलेला असायचा, कोट घालून. एवढ्या उन्हात बाकी कोणी कोट घातलेला नव्हता. पोट दिसत होतं. मला हसू आलं नाही.

टीम लवकर हरून परत आली. तन्वीने खेळ सोडला नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी कोर्टवर जायची, एकटी सर्व्हिस मारत राहायची. त्याच्या बॅचला मात्र गेली नाही.

काही आठवड्यांनी तो आला. नव्या अकॅडमीचं नाव लिहिलेली टोपी घातली होती, ती अकॅडमी पनवेलकडे कुठेतरी सुरू होणार होती म्हणे. माझ्याकडे न बघता सरळ कोर्टवर गेला. मी शेडच्या दारात उभी राहिले.

"तनू, झालं ते झालं," तो म्हणाला. "आता अठराखालची टीम निवडायची आहे. समितीवर मी आहे. माझ्याकडे ये परत. तुझं नाव माझ्या मनात पक्कं आहे."

तन्वीने हातातला बॉल खिशात घातला. कपाळावरचा घाम पुसला. लहानपणापासून त्याच्यापुढे तिने मान वर केली नव्हती, त्या दिवशी केली.

"मला इंग्लिशमध्ये सांगा, सर."

त्याने तोंड उघडलं. इंग्रजी त्याला भरपूर येतं, मोठ्या मोठ्या लोकांशी त्याला बोलताना मी ऐकलं आहे. तो माझ्याकडे वळला, मी काहीतरी मधे बोलीन म्हणून. मी हाताची घडी घातली. मग तो जाळीच्या कडेकडेने दारापर्यंत गेला, गाडीत बसला आणि शिरवणे गावाच्या रस्त्याला लागला. तन्वीने खिशातून बॉल काढला. गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत तिची पुढची सर्व्हिस पडली होती.