तोड सुटल्यावरची तारीख

केजच्या त्या दवाखान्याचा प्रोग्रॅम मी लिहिला तेव्हा वाटलं होतं, एकदा बसवला की सुटलो. असलं काम कधी सुटत नसतं. डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये दुसरा कॉम्प्युटर घेतला, आणि आतून त्यांनी नि बाहेर काउंटरवरून सिस्टरनी एकदमच नोंद केली की प्रोग्रॅम अडून बसायचा. दोष डेटाबेसचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटात सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या भागाचा. तो एका वेळी एकालाच लिहू द्यायचा. तो काढून दुसरा घालायचं ठरलं. "एका दुपारचं काम," असं मी छातीठोकपणे सांगून बसलो.

महिना उलटत आला तरी ते चाललंच होतं. एक दुरुस्त केलं की दुसरं मोडायचं. मान आखडलेली, डोळे चुरचुरणारे, त्यात लाइटचा खेळ. शेवटी जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये ओतायला घेतल्या, तर त्याने त्या नाकारायला सुरुवात केली. ही तारीख नाही. ही पण तारीख नाही.

जुना डेटाबेस भोळा होता. तारखेच्या रकान्यात काहीही लिहा, गुमान ठेवून घ्यायचा. नवा कडक निघाला. मी वैतागून 'पुढची भेट' हा रकाना उघडला. बाईंनी लिहिलं होतं: तोड सुटल्यावर. कारखाना बंद झाल्यावर. टोळी आल्यावर.

बाईंकडे फेफऱ्याचे पेशंट बरेच. दिवाळी झाली की त्यातले कितीतरी टोळी करून ऊसतोडीला जातात, ते साखर कारखाना बंद झाला की परततात. जाताना बाई त्यांना हंगामभराच्या गोळ्या देतात आणि पुढची भेट तोड सुटल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. आमच्याकडे ही तारीखच असते. कॅलेंडरवर नसते एवढंच.

मी इतका कंटाळलो होतो, की ते सगळे रकाने कोरे करून मोकळा होणार होतो. तसं बाईंना सांगितलं.

"कोरे केले तर ही माणसं मला यादीत दिसणारच नाहीत," त्या म्हणाल्या. "आली नाहीत तर बोलावणार कोण?"

"मग मला तारखा द्या, मॅडम."

"कारखाना कधी बंद होतो ते मला काय माहीत? फोन लावू."

सिस्टर नंबर फिरवायच्या, बाई बोलायच्या, मी तारीख टाकायचो. कुणी म्हणायचं आठवडाभरात येतो, कुणी म्हणायचं मुकादम सांगंल तवा. मी मनातल्या मनात चरफडत होतो. मग केजजवळच्याच एका वाडीतल्या तरण्या पेशंट बाईला फोन लागला. ती कोल्हापूरकडं तोडीला होती. स्पीकरवर वाऱ्याचा आणि ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"गोळ्या चालू हायत ना गं?" बाईंनी विचारलं.

"हायत की. अर्धी अर्धी खायले."

"अर्धी कावून?"

"दरसाली आतापतूर सुटतो आमी. यंदा ऊसच सरंना. म्हून पुरवून खायले."

"आन् फिट?"

"आलती. फडातच, ऊस तोडता तोडता. आमच्या मालकानं पाचटावर निजवलं. मुकादमाला कळू दिलं न्हाई. कळल्यावर पुढल्या सालाला कोन घेतंय?"

"मग मला फोन करायचा न्हाईस का?"

"तुमी तोड सुटल्यावर ये म्हनलतं," ती म्हणाली. "तोड कुठं सुटलीय?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग तिच्या नवऱ्याला फोनवर घेतलं. मोबाइलवर चिठ्ठी पाठवते, आजच्या आज तिथल्या गावातल्या मेडिकलवरून गोळ्या आणा, तोवर तिच्या हातात कोयता देऊ नका, असं पुन्हा पुन्हा बजावलं.

"बरं बरं," तो म्हणाला. "फड उरकला की जातो."

फोन बंद झाला.

"मॅडम, कोणती तारीख टाकू?" मी विचारलं.

"आजची. यादीत राहू दे तिला."

मी टाकली. नव्या डेटाबेसने ती बिनतक्रार घेतली. त्याला हवी होती तशी तारीख मिळाली होती. तिला गोळ्या मिळाल्या का, ते फड उरकल्यावरच कळणार होतं.