कुजबुजताई आणि लॅपटॉपमधलं सिम

नाटकमंडळीत सव्वीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं, म्हणून त्यांचं नाव कुजबुजताई पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. नट अडला की शब्द पुरवायचा आणि तोही असा, की पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानावर जाता कामा नये. टाळ्या नटाच्या, घसा यांचा. एकदा एका नायकाने अख्खा तिसरा अंक त्यांच्या ओठांवरून उचलून म्हटला. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, काय पाठांतर आहे! कुजबुजताई हसल्या आणि गुळण्या करायला गेल्या.

शब्द पुरवणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड होतं ते ओळखणं, की नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय. थांबलेल्याला शब्द फेकला तर रंगलेल्या प्रवेशाचा विचका. कुजबुजताई नटाच्या मानेकडे बघायच्या. विसरलेल्याची मान ताठ होते, थांबलेल्याची सैल असते. सव्वीस वर्षांत हा अंदाज दोनदा चुकला आणि दोन्ही तारखा त्यांना पाठ होत्या.

मंडळी मोडली, नट पांगले. आता त्रेसष्टाव्या वर्षी कुजबुजताई घरी बसून कॉलेजातले तास कानाला हेडफोन लावून ऐकत आणि शब्दन्‌शब्द टाइप करत. ते शब्द दूर बसलेल्या एका मुलीसमोर पडद्यावर उमटत. नवव्या वर्षी तापात त्या मुलीचे कान गेले होते, बोलणं मात्र खणखणीत. ती औषधशास्त्र शिकत होती. दोन वर्षं तिच्याबरोबर कुजबुजताईंनीही ते शिकून घेतलं, कुणी न सांगता. कामाचा नियम एकच होता: जे बोललं जाईल तेवढंच लिहायचं.

आज त्या मुलीची या वर्षातली शेवटची तोंडी परीक्षा होती, दुपारी दोन वाजता. ती हुकली तर वर्ष गेलं. आणि सकाळी दहाला रस्ता खणणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडून ठेवली.

"फोनवरून कर की," थोरली बहीण भाजी निवडता निवडता म्हणाली. दोघी बहिणी एकत्र राहत.

"आक्का, माझा फोन पंधरा मिनिटांत मान टाकतो. चार्जिंगची पिनसुद्धा बसत नाही त्यात."

"म्हणजे तुझ्यासारखाच झालाय तो. माझा घे."

"तुझ्या फोनला बटणं आहेत गं. त्यात इंटरनेट कुठलं?"

त्याच बटणांच्या फोनवरून त्यांनी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याला गाठलं. जुना लॅपटॉप त्यानेच विकला होता.

"मावशी, घाबरता कशाला? लॅपटॉपच्या डाव्या अंगाला एक खाच आहे बघा. फोनमधलं सिम काढा, त्यात घाला. आत मोडेम आहे, मी तपासून दिलंय."

"खाचेत कार्ड आधीच आहे रे."

"ते प्लास्टिकचं. जागा धरायला ठेवलेलं. काढून टाका."

म्हणजे बदली नट, कुजबुजताई मनात म्हणाल्या. टाचणीने फोनचा कप्पा उघडला, नखाएवढं सिम काढलं, आक्काच्या चष्म्याखाली धरून कापलेला कोपरा बघितला आणि खाचेत सरकवलं. पडद्यावर काही नाही. पुन्हा फोन.

"चालू मशीनमध्ये घातलंत ना? पूर्ण बंद करा, सिम घाला, मग चालू करा."

पाठ दुखत होती. बोटांच्या पेरांना सूज होती. त्यांनी मशीन बंद केलं, चालू केलं आणि वर बघत बसून राहिल्या, देवाकडे नव्हे, छताकडे. पडद्याच्या कोपऱ्यात पाच रेघा उगवल्या. त्यातल्या दोनच भरलेल्या.

"दोन खूप झाल्या," दुरुस्तीवाला म्हणाला. "खिडकीत बसा. चित्र बंद ठेवा, नुसता आवाज घ्या. आणि मावशी, आवाज थोडा मागून, उशिराने येईल हं."

कुजबुजताई स्वयंपाकघराच्या खिडकीत, धान्याच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून, स्टुलावर बसल्या. दोन वाजले. परीक्षकांचा आवाज आला, बोटं चालू लागली. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. मुलगी उत्तरं देत होती, स्पष्ट, न अडखळता. कुजबुजताईंना झोप येत होती आणि आनंदही होत होता.

चौथा प्रश्न आला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाने डोकं दुखतं म्हणून औषध मागितलं, तर काय द्यायचं नाही? त्यांनी तो टाइप केला.

शांतता.

आवाज मागून येतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरी शांतता लांबत गेली. मुलीची मान कशी आहे ते दिसत नव्हतं, चित्र बंद होतं. परीक्षेच्या खोलीत कुणी खोकलं. कुणी पेन आपटलं. आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने बोटं, मालकिणीला न विचारता, टाइप करून मोकळी झाली: अ‍ॅस्पिरिन.

खोडायला हात गेला, पण शब्द पोहोचला होता.

"सर," मुलीचा आवाज आला, "उत्तर माझ्या पडद्यावर आलंय. तुम्ही बोलला नाहीत ते."

मग परीक्षक आपापसात बोलू लागले. ते बोलतील ते मुलीला कळायला हवं. म्हणून कुजबुजताई टाइप करू लागल्या. टाइप करणाऱ्या बाईंनी उत्तर पुरवलं. हा प्रश्न बाद. असं आधीही होत असेल का? अशा माणसाला बसवतं कोण? एक शब्द गाळला नाही. 'बाईंना बदला' हेसुद्धा लिहिलं, पूर्णविरामासकट. आक्का मागे येऊन उभी राहिली, वाचलं आणि भाजीकडे परत गेली.

"आत्ता दुसरी बाई कुठून आणणार?" परीक्षकांतल्या बाई म्हणाल्या. "त्या मुलीलाच विचारा. याच टाइप करणाऱ्या बाई चालतील, की खास परवानगी काढून परीक्षा पुढच्या महिन्यावर ढकलायची?"

हेही लिहिलं. मग पुन्हा शांतता. मघापेक्षा लांब. कुजबुजताईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. स्टुलाचं लाकूड पेरांत रुतत होतं. खाली रस्ता खणण्याचं यंत्र थांबून पुन्हा सुरू झालं.

"मला येत होतं उत्तर," मुलगी शेवटी म्हणाली. "एकच गोळी नाही, तीन-चार आहेत. नावं जुळवत होते." ती पुन्हा थांबली. "आजच्यापुरत्या याच राहू देत. पुढचं मी विचार करून सांगते."

परीक्षक खाकरले आणि पाचवा प्रश्न विचारू लागले. कुजबुजताईंनी मांडीखालून हात काढले, एकदा झटकले आणि ते बोलतील तसं लिहायला घेतलं.