घारपुरे सरांचा आठ

दुपारचा वरणभात पापण्यांपर्यंत चढलाय. स्वरदा कोठावदे भौतिकशास्त्र विभागातल्या खोलीत टेबलावर डोकं टेकते. समोर चहाचा भरलेला कप. भिंतीवरच्या फळ्यावर घारपुरे सरांचं शेवटचं समीकरण. सर गेले तेव्हापासून तो फळा पुसायची कुणाची छाती झालेली नाही. गोठवलेल्या काचेबद्दलच्या त्या समीकरणात शेवटी 8 आहे. स्वरदाचं उत्तर 4 येतं. उलट, सुलट, उपाशीपोटी, कसंही केलं तरी 4. आणि संध्याकाळी सरांच्या शोकसभेत तिला त्यावरच बोलायचंय. म्हणजे हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून सांगायचं, की सर चुकले.

कपातला चहा हळूच वर सरकतो, काठ ओलांडतो आणि बाहेरच्या अंगानं बशीत उतरतो.

"अतिप्रवाही झालाय, घर्षण उरलंच नाही त्याला," शेजारून घारपुरे सर म्हणतात. "गार हेलियमला जमतं, मग चहाला काय धाड भरलीय?"

"सर, तुम्ही वारलात ना?"

"जवळपास. निरपेक्ष शून्य तापमानापर्यंत कुणीच पोचत नाही. तो तास झोपेत ऐकलास वाटतं?"

"आत्ताही झोपेतच ऐकतेय, सर."

टेबल आता एसटीचं सीट आहे. थंडीनं खिडकीच्या काचा पांढऱ्या पडल्यात. पुढचा प्रवासी खिडकीशी असतो, मग मधे असतो, मग परत खिडकीशी. उठताना मात्र कधी दिसत नाही.

"काचेतले अणू," सर कुजबुजतात. "स्फटिकातले कसे शहाण्यासारखे बसतात. यांचं बूड एवढ्या थंडीतही स्थिर नाही."

"किती?" कंडक्टर विचारतो.

"चार," म्हणत सर बोटानं काचेवर आकडा काढतात.

"आपण दोघंच आहोत, सर."

"माणशी दोन जागा. या अणूंत राहून सवय लागलीय."

स्वरदा काचेकडे बघते. तिथे 8 आहे. टाळूवर जरा उघडा, पण 8च.

"म्हणालात चार आणि लिहिलात आठ?"

"अगं, शाळा कुठली तुझी?"

"मराठी."

"मग मराठी चार कसा काढतात?"

स्वरदा बोटानं आकडा गिरवून बघते. मग एकदम उसळून, "अख्ख्या इंग्रजी समीकरणात एकच मराठी चार कोण घालतं, सर?"

"पाढे मराठीत म्हणतो ना मी. घाईत हात तोंडाचं ऐकतो."

"आणि मी पावसाळाभर हरवलेली दुप्पट शोधतेय!"

"काचेचा काच," सर स्वतःवरच खूश होतात. "चल, उतरतो."

"सर, तिकडे त्रास नाही ना काही?"

"छे गं. घर्षणच नाही."

दार न उघडताच ते उतरून जातात.

स्वरदाच्या गालावर पेनाचा वळ आहे. ती तडक फळ्यापाशी जाते. आठाची टाळू उघडी आहे. ४. सर बरोबर. तीही बरोबर. ती एकटीच खो खो हसते आणि नाक पुसते.

मग चहाकडे वळते. कप तळापर्यंत कोरडा आहे. बशी काठोकाठ भरलेली, टेबलावर थेंब नाही.

सर नेहमी बशीतूनच प्यायचे. ती दोन्ही हातांनी बशी उचलते आणि त्यांच्यासारखाच मोठ्ठा फुर्रर्र आवाज करते.