सळईमामांचा हात

आमच्या गोठ्यावर दोनशे गाई होत्या आणि त्यांच्या वर्षभराच्या वाळल्या गवताची एकच प्रचंड गंजी होती. तिच्या राखणीसाठी एक माणूस नेमलेला होता. राखण चोरांपासून नव्हे, खुद्द गंजीपासूनच. दमट राहिलेले गवत दाबून रचले की ते आतल्या आत कुजू लागते, कुजता कुजता तापते आणि तीनचार आठवड्यांनी, कोणी काडी न लावता, पेटते. मी तेथे व्यवस्थापक होतो. ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती. त्यांना ती तळहाताने ठाऊक होती.

सगळे त्यांना सळईमामा म्हणत. आठ फुटांची लोखंडी सळई ते रोज सकाळी गंजीच्या पोटात खुपसत, अर्धा तास तशीच ठेवत, मग उपसून तिचे टोक मुठीत धरत आणि आकडे मोजत. वीसपर्यंत धरवली तर गंजी निरोगी. दहाला सोडावी लागली तर लक्ष ठेवायचे. पाचच्या आत हात भाजला तर गंजीला हात लावायचा नाही, आधी पाण्याचा बंब बोलवायचा. कारण आतून धुमसणारी गंजी फोडली की तिला वारा मिळतो आणि ती भडकते. आकडा ते मला येऊन सांगत व मी तो नोंदवहीत लिहीत असे. एकतीस वर्षे हा क्रम चालला. तापमापक घेऊ, असे मी दोनदा सुचवले. दोन्ही वेळा ते म्हणाले, "घ्या की साहेब. मग मला शेण काढायला लावा."

पुढे त्यांच्या रक्तात साखर वाढली आणि तळहात हळूहळू बधिर झाले. हे मला फार उशिरा कळले. घरी चुलीवरचे पातेले त्यांनी फडक्याशिवाय उतरवलेले पाहून मामींनी ते प्रथम ओळखले. मामींनी बोभाटा केला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या डबा घेऊन सकाळीच गोठ्यावर येऊ लागल्या. गंजीमागे दोघे उभे राहत; सळई त्या धरत, आकडे मोठ्याने मामा मोजत.

धारा काढणाऱ्यांना तेवढेच निमित्त पुरले.

"मामा, या वयात गंजीमागे काय चालतं हो?"

"तुझ्या बायकोला विचार, ती का येत नाही ते!" मामी गंजीमागून ओरडत.

मीही हसत असे. दोन वर्षे नोंदवही चोख राहिली; वीस, अठरा, मध्येच एखादा बारा.

त्या वर्षी कापणीत आभाळ भरून आले आणि घाईत गवत ओलसरच रचले गेले. नेमके त्याच सुमारास मुलीच्या बाळंतपणासाठी मामींना परगावी जावे लागले. निघताना त्या म्हणाल्या होत्या, "अहो, साहेबांना सांगून टाका. तापमापकच घेतील, फाशी नाही देणार."

"तू परत ये लवकर, म्हणजे झालं," मामा म्हणाले.

त्यांनी मला सांगितले नाही. सळई रोज खुपसली, रोज उपसली, एकट्याने मुठीत धरली, आणि रोज मला आकडा दिला: वीस. सतरा दिवस, ओळीने वीस. तो सरळ स्तंभ पाहून मला समाधान वाटल्याचे आठवते.

अठराव्या दिवशी ते माझ्या खोलीत आले ते सळईशिवाय.

"साहेब, बंब बोलवा. गंजी तापलीय."

"आजचा आकडा?"

"वीसच. पण वास येतोय. साखर करपल्यासारखा."

मी नोंदवही त्यांच्यापुढे फिरवली. "मामा, हे तुमचेच आकडे. एवढ्या निरोगी गंजीसाठी मी बंब कोणत्या तोंडाने मागवू?"

त्यांनी पानाकडे पाहिले. आता वाटते, तेवढ्या वेळात त्यांना एकच वाक्य बोलायचे होते. ते बोलले नाहीत.

"मग मी दोन थर काढून पाहतो," मी म्हणालो.

"फोडू नका साहेब. काहीही करा, पण फोडू नका."

कारण विचारले तर मान खाली. मी चार माणसे वर चढवली. पहिला थर निघाला, दुसरा निघाला. त्याखाली गवत कॉफीसारखे काळपट होते आणि त्यातून वाफ निघत होती. तेव्हा मामा धावत पुढे आले, दोन्ही तळवे माझ्यासमोर धरून.

"माझा हात मेलाय साहेब! आकडे खोटे आहेत! झाका ते, झाका!"

वाफेचा धूर झाला आणि धुराची ज्वाळा. माणसांनी उड्या टाकल्या. मामा मात्र काढलेले गठ्ठे उचलून त्या भोकावर फेकत राहिले; पेटलेलेसुद्धा, उघड्या हातांनी. त्यांना आम्ही ओढून काढले. गंजीला लागून वासरांची पडवी होती. एकोणीस वासरांपैकी सहा बाहेर आली.

चौकशीचा अहवाल मीच लिहिला. खोट्या आकड्यांचे पान त्याला जोडले. मामांनी दोनदा फोडू नका म्हटले होते, हे त्यात नाही. लिहिले असते तर हुकूम कोणाचा, हेही लिहावे लागले असते. मामांना कामावरून काढले. माझी जागा कायम राहिली.

महिन्याने मी त्यांच्या घरी गेलो. एका खोलीचे घर, खिडकीखाली खाट. उजव्या हाताची तीन बोटे काढावी लागली होती. परत आलेल्या मामी त्यांना घास भरवत होत्या.

"दुखतंय का मामा?"

"नाही साहेब."

"लिहून घ्या," मामी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "वीस."

मामांनीच विचारले, "नवी गंजी रचली म्हणे. तापमापक काय सांगतो?"

"अठ्ठावीस अंश."

त्यांनी मामींकडे मान वळवली. "तू एकदा जाऊन धरून बघ."

"काय धरून बघू?" मामी म्हणाल्या. "सळई भंगारात गेली." आणि त्यांचे तोंड पुसून त्यांनी पुढचा घास कालवला.