बॉनेटवरचा हात

मोटारींचं वेड मला विशीत लागलं ते अजून सुटलं न्हाई. पुढं चार गाड्या झाल्या, लांबलांबच्या नुमाइशीत, म्हणजे प्रदर्शनांत, उभ्या केल्या, बक्षिसंही आणली. पण लाडकी कोणती म्हणाल तर पहिलीच. दोन माणसांची, उघडी, बुटकी, पळायला बिलकुल वाऱ्यासारखी. निजामाचं राज्य होतं तेव्हा. जालन्याच्या रेल्वेतल्या एका इंग्रज साहेबाची बदली झाली आणि मी हट्टानं ती गाडी घेतली. वडील म्हणाले, "छत न्हाई, सामानाला जागा न्हाई, हिला काय चाटायचंय?" पण मी कुणाचं ऐकतोय होय!

गाडीत दोनच जागा. एक माझी, दुसरी मिस्त्रीची. हा मिस्त्री माझ्याच वयाचा, घरात दख्खनी बोलणारा, इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा. अंबडपर्यंत चक्कर मारायची तर तो शेजारी, छावणीच्या मैदानावर मिरवायची तरी तोच शेजारी. बायकोनं त्या गाडीत कधी पाय ठेवला नव्हता. घरंदाज बाईनं उघड्या मोटारीत बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असं मी म्हणायचो. खरं सांगू? मला तिची आठवणच व्हायची न्हाई.

तिचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. तिच्या वडलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. चैत्रात त्यांचा निरोप आल्ता, "जावईबापूंना म्हणावं, लेकीला मोटारीत बसवून एकदा दारात आणा. नजर हाये तवर बघून घेतो." बायकोनं तो निरोप मला सांगितला तेव्हा तिचा चेहरा काय फुलला होता! मी म्हटलं, "पाऊसकाळ होऊ दे, मंग जाऊ." पावसानंतर म्हटलं, "रस्त्याला चाकोऱ्या पडल्यात, गाडीचं पोट घासंल. दसरा होऊ दे." कारण दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी छावणीच्या मैदानावर मोटारींची नुमाइश होती. जहागीरदारांच्या, शेटसावकारांच्या गाड्या यायच्या आणि त्यात आपली पहिली यावी, एवढंच माझ्या डोक्यात घुसून बसलं होतं.

मिस्त्रीनं आठ दिवस खपून गाडीला रंग दिला. गडद हिरवा, आरशासारखा. शेवटचा हात खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बसला. जाताना तो बजावून गेला, "मालक, चार दिन इसकू हात नको लगाने देना किसीकू. वरून सुखा दिसतंय, अंदर गीला है." मी मान हलवली. घरात मात्र कुणाला बोललो न्हाई. गाडीचं काही घरात सांगायची सवयच नव्हती ना मला.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या अवजारांची पूजा व्हायची. आमच्या कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांना गंध-फूल वाहून मी दुपारी घरी आलो तर अंगणात गाडीला हार घातलेला, चाकाशी नारळ फोडलेला आणि बॉनेटवर मधोमध हळदीचा पंजा उमटवलेला! बायकोनं हौसेनं पूजा केल्ती. मी धावत जाऊन ओल्या फडक्यानं हळद पुसली. हळद गेली, पण रंगात पाच बोटं रुतलेली तशीच राह्यली. लहानपणी दारात चेमटून वाकडी झालेली तिची करंगळीसुद्धा स्वच्छ उठली होती.

अरारा, काय काय बोललो मी तिला! गड्यांसमोर बोललो. ती हळदीचा हात तसाच धरून उभी. शेवटी एवढंच म्हणाली, "बसायला तर कधी मिळालं न्हाई. मला वाटलं, हात तरी लावावा."

मिस्त्रीनं बघितलं आणि म्हणाला, "घिसून पुन्हा रंगवायला आठ दिन लगते. नुमाइश तर पाच दिन पे है." मंग मी पंज्यावर झेंडूचा जाड हार अंथरला आणि गाडी तशीच मैदानावर नेली. बघायला आलेल्या बड्या अंमलदारानं छडीच्या टोकानं हार बाजूला केला. "ये किसका हाथ है?" भोवतीची मंडळी हसायला लागली. मी म्हणालो, "घर की नौकरानी का, हुजूर. नासमझ है."

बक्षीस दुसऱ्यालाच गेलं. मिस्त्री शेजारीच सगळं ऐकत होता. परत आल्यावर तो वाड्याच्या दारात उतरला आणि म्हणाला, "मालक, भाभी का हाथ था वो. इस जगा पे पैले उनकू बिठाओ, मंग मेरेकू बुलाओ." आणि पायी निघून गेला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हटलं, "चल, पिंपळगावला." ती नवं लुगडं नेसली, पदर डोक्यावरून घट्ट धरून शेजारी बसली. चाकोऱ्यांत गाडीचं पोट घासलं, भोकरदनच्या नदीत बैल लावून ओढून काढावी लागली. ती मात्र पोरीसारखी हसत होती.

सासरे ओट्यावर बसले होते. आवाजाच्या दिशेनं तोंड केलं, पण नजर भलतीकडंच. पितृपंधरवड्यातच दोन्ही डोळे गेल्ते, आणि आम्हाला काळजी नको म्हणून कुणी कळवलं नव्हतं. बायको खाली उतरली आणि तिथंच रडायला लागली. ते म्हणाले, "रडती कशाला? मला हातानं दाखव." तिनं त्यांना गाडीशी आणलं. दिवे, काच, चाकं चाचपत ते बॉनेटवर आले आणि थांबले. पाची बोटांवरून हळूहळू हात फिरवला. करंगळीपाशी बोट थबकलं.

"ही करंगळी तर आमच्या लेकीची," ते म्हणाले. मंग माझ्याकडं तोंड वळवून, "जावईबापू, मोटारीवर बायकोचा हात उठवून घेतला तुमी? येवढा मान कुणी देत न्हाई हो."

बायकोनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हो बाबा. ह्यांनीच म्हटलं, रंग ओला हाये तवर लाव."

तो रंग मी पुन्हा काढू दिला न्हाई. ती जागा तिचीच झाली आणि मिस्त्री मागं पेट्रोलच्या टाकीवर बसून येऊ लागला. पुढं प्रत्येक नुमाइशीत कुणी विचारलं, हा हात कुणाचा, की मी मोठ्यानं सांगायचो, "माझ्या बायकोचा." ती शेजारी उभी राहून लाजायची. पण त्या दिवशी मैदानावर मी तिला काय म्हणालो होतो, हे तिला सांगायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली न्हाई. आता ती न्हाई. गाडी हाये.