अकरा बायकांचा विमा

नोकरीतले दरोडे आणि खून आता एकमेकांत मिसळायला लागलेत. कुठला कुठे घडला ते डायरी काढून पाहावं लागतं. पण बचत गटाची ती अध्यक्षाबाई काल ठाण्यातून उठून गेल्यासारखी लख्ख आठवते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. गावोगावी बचत गट नुकते रुजत होते आणि भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता.

बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी ठाण्यात बसायलाही जागा नसते. पाकीटमारी, दारू, बांधाची भांडणं, सगळं एकदम येतं. त्या गर्दीत ही बाई एका शेजारणीला घेऊन आली. चाळिशीची, मेंढपाळ घरातली. नवरा मेंढ्या घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर.

"साहेब, गावातले लोक मला चोर म्हणून राह्यले," एवढंच बोलली आणि रडायच्या ऐवजी रागानं माझ्याकडे बघत बसली. जणू चोर मीच म्हणालो होतो.

हकीकत अशी होती. तिच्या गटातल्या अकरा जणींनी एका पतसंस्थेतून शेळ्यांसाठी कर्ज घेतलं. कर्ज देताना तिथल्या अधिकाऱ्यानं प्रत्येकीचे सहाशे रुपये कापले. विचारलं तर म्हणाला, "हे नियमानं कापावंच लागतं, कर्ज फिटलं की परत मिळेल." बायकांनी हप्ते वेळेवर भरले, कर्ज फेडलं आणि सहाशे मागायला गेल्या. तेव्हा त्यानं अंगठे उठवलेले अर्ज दाखवले. हा विमा होता, तुम्हीच हौसेनं घेतला, आता कशाचे पैसे? त्यावर बायका चिडल्या, तर यानं हळूच पुडी सोडली: "तुमच्या अध्यक्षाबाईंना विचारा, त्यांचा हिस्सा त्यांना पोचलाय."

झालं. कर्ज तिच्या भरवशावर घेतलेलं. गावानं तिलाच धरलं.

जमादार फिर्याद लिहायला बसले. नाव झालं, गाव झालं. "नवऱ्याचं नाव?" बाई गप्प. मी वैतागलो, "अहो, पटकन सांगा ना!" तिनं पदर नीट केला आणि शेजारणीकडं पाहिलं. शेजारणीनं नाव सांगितलं. जमादार मला म्हणाले, "साहेब, जेलात जाईल, पण धन्याचं नाव न्हाई घेणार." माझी आईसुद्धा घेत नसे. घाईगर्दीत माणूस आपली आईही विसरतो, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्या अधिकाऱ्याला चौकशीला बोलावलं. शहरात वाढलेला पोरगा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. घाबरला वगैरे मुळीच नाही. अर्ज टेबलावर नीट लावून ठेवले आणि पाठ केल्यासारखा बोलत राहिला. विमा ऐच्छिक आहे, प्रत्येकीला समजावून सांगितला, सगळं कायदेशीर आहे. दीड तास मी हरप्रकारे विचारलं. पठ्ठ्या हलला नाही. खरं सांगतो, मी त्याला सोडून देण्याच्या बेतात होतो.

जमादारांनी मात्र अर्ज चाळता चाळता एका रकान्यावर बोट ठेवलं. वारसाचं नाव. अकरा अर्ज, अकरा नवरे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं व्यवस्थित.

"ही नावं कुणी सांगितली?" मी विचारलं.

"जिची तिनं."

"स्वतःच्या तोंडानं?"

"हो साहेब. एकेकीला समोर बसवून विचारलं, तिनं सांगितलं, मी लिहिलं. दुसरं कुणी जवळ नव्हतं. नियमच तसा आहे."

जमादारांनी पेन खाली ठेवलं आणि मिशीआड हसू दाबलं.

मी जीप पाठवून अकराही जणींना आणलं आणि त्याच्यादेखत एकेकीला नवऱ्याचं नाव विचारलं. पहिली लाजली. दुसरी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिसरी म्हणाली, "हिला इचारा, ही सांगल." सर्वांत म्हातारी होती ती तर माझ्यावरच उखडली, "ह्या वयात मला बिघडवता का रं बाबा?" ठाण्यातले शिपाई तोंडावर रुमाल धरून हसत होते. अकरा जणींतून एक नाव निघालं नाही.

पोराचा चेहरा उतरला. मग भडाभडा बोलला. नावं रेशनकार्डाच्या झेरॉक्सवरून उतरवली होती, अंगठे कर्जाच्या कागदांबरोबरच उठवून घेतले होते. विम्याचा शब्दही कुणापुढे काढला नव्हता. आणि अध्यक्षाबाईंना दमडी दिली नव्हती. जबाब घेतला, गुन्हा नोंदवला. संस्थेचे चेअरमन धावत आले आणि सहाशे-सहाशे रुपये बायकांच्या हातावर ठेवून गेले.

मी खूष. बायका पदराला गाठी मारून उठल्या. अध्यक्षाबाई बाकावरून उठेना.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"पैशे मिळाले, साहेब. पर गावात कोण सांगणार? तुमी वर्दीत या. जीप बराबर माह्या दारात उभी करा."

पोलिसांची गाडी दारात येऊ नये म्हणून लोक नवस बोलतात. हिनं मागून घेतली!

गेलो. जीप पाहून अख्खा गाव गोळा झाला. मी मोठ्यानं सांगितलं, "या बाईनं एक पैसा खाल्लेला नाही. ज्यानं खाल्ला, त्यानं तसं लिहून दिलंय." मग गटातली तिला सर्वांत जास्त शिव्या घालणारी पुढे झाली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "च्या टाक की वं आता. किती दिस झाले तुह्या हातचा पेले न्हाई." अध्यक्षाबाई आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, तो मधेच थांबला आणि हुंदका ऐकू आला. एकेक करत सगळ्या जणी आत गेल्या. बाहेर उभ्या असलेल्या फौजदाराची कुणाला आठवण राहिली नाही. आम्ही चहा न घेताच परतलो आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

कागदावर आम्ही 'गेला माल' आणि 'मिळाला माल' लिहितो आणि फाईल बंद करतो. त्या दिवसानंतर मात्र फिर्यादी उठायला लागला की मी एकदा विचारायचो, "अजून काही राहिलं का?" बहुतेक जण नाही म्हणून निघून जात. काही जण पुन्हा खाली बसत.