गिरिजाअक्का आणि खताची ती ट्रॉली

नव्वदच्या दशकातली गोष्ट. राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी महापालिकेचा कचऱ्याचा कोंडाळा होता. एका सकाळी त्यात कोपरापर्यंत हात घालून एक बाई भाजीचे देठ वेगळे काढत होत्या. बाईंचं डोकं फिरलं असावं, असंच मला वाटलं. "पावणं, बघत काय उभारलाय? पिशवी धरा की!" त्यांनी दरडावलं आणि मी मुकाट धरली. आमच्याच शाळेत बदलून आलेल्या शास्त्राच्या शिक्षिका त्या याच, हे मला दुपारी कळलं. मी तिथे प्रयोगशाळा सहायक होतो.

माहेर कानडी मुलखातलं, म्हणून 'बाई' न राहता त्या साऱ्यांच्या अक्का झाल्या. घरोघरी जाऊन त्यांनी ओला कचरा वेगळा ठेवायला लावला. कुणी दार लावून घेई, कुणी "मास्तरीणबाईंना घरी काम न्हाय काय?" म्हणून हिणवी. अक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर! शाळेमागच्या पडीक जागेत खड्डे काढून खत होऊ लागलं, ते जवळच्या गडमुडशिंगी गावच्या शेतांवर जाऊ लागलं. त्यांचा नियम एकच. ट्रॉली भरण्याआधी सगळं खत चाळायचं आणि उघड्या हातानं चाचपायचं. "ज्यात आपला हात घालवत न्हाई, ते दुसऱ्याच्या रानात धाडायचं न्हाई," असं त्या म्हणत.

तो नियम मी मोडला. हे मी आजवर कुठे बोललो नाही.

अक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेल्या होत्या. ट्रॉली दारात उभी, ड्रायव्हरची घाई. मी म्हटलं, एकदा नाही चाळलं तर काय आभाळ कोसळतंय? तसाच माल भरला आणि ट्रॉलीवर बसून गावात पोचवून आलो. गल्लीतल्या एका दवाखान्यातून कुणीतरी इंजेक्शनच्या सुया आमच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकल्या होत्या. खत पसरताना हौसाबाई नावाच्या मजूर बाईंच्या तळहातात सुई घुसली. हात सुजला, पिकला. शेवटी उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. खुरपं धरून पोट भरणारी बाई ती!

डोळ्यावर पट्टी असतानाच अक्का गडमुडशिंगीला गेल्या. मी सोबत होतो. माणसं अंगावर धावून येत होती, शिव्या ऐकवत नव्हत्या. मी खरं सांगायला पुढे सरलो, तर अक्कांनी माझं मनगट आवळलं. "खत माझं हाय. चूक माझी," एवढंच त्या बोलल्या. परतताना मला रडू आवरेना, तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला हाकललं तर खड्डं कोण बघणार? गप बसा." मी गप बसलो. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

खड्डे तरीही बुजवले गेले. वेगळा केलेला कचरा पुन्हा एकाच कोंडाळ्यात पडू लागला. अक्का निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं साधा निरोपसमारंभही केला नाही. त्या मात्र दर रविवारी हौसाबाईंकडे जात, दळण आणून देत, त्यांच्या लेकीची वेणी घालत. डॉक्टरांनी एस.टी.चा प्रवास बंद करेपर्यंत त्यांनी हे सोडलं नाही.

हा लेख संपादकांच्या हाती देण्याआधी मी हौसाबाईंकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. त्या चुलीपुढून उठल्या नाहीत.

"ठावं हाय की मला. ट्रॉलीवर बसून तुम्हीच आलतासा. अक्का तवा मिरजंला हुत्या."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"म्या कशाला बोलू? तुम्ही येशीला म्हणून वाट बघत हुते. लई वर्सं लावलासा."



अक्का, हे छापलेलं वाचून तुम्ही संतापणार, मला ठाऊक आहे. मला समोर उभं करून खडसावायला तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, नजर शाबूत राहो, हातपाय धड राहोत. आणि त्या ट्रॉलीपायी ज्यांनी आजवर अक्कांना नावं ठेवली, त्यांनी यापुढे ती मला ठेवावीत.